सारायेवोचं सँडविच आणि तूनळीवरचा जगाचा इतिहास

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, गेली दोन वर्षं मी जगाचा इतिहास तूनळीवर (म्हणजे यूट्यूबवर) शिकतोय. शाळेत या विषयाशी माझं कायम वाकडं. सनावळ्या, तहाची कलमं, "कारणे द्या", "परिणाम लिहा". पेपर टाकून बाहेर आलो की डोकं पुन्हा स्वच्छ. मग एका रात्री झोप येईना म्हणून क्रॅश कोर्स नावाच्या वाहिनीच्या जगाच्या इतिहासाचा पहिला भाग लावला. २०१२ साली सुरू झालेली जुनीच मालिका, ४२ भागांची. पहिल्याच भागात सूत्रधार जॉन ग्रीन विचारतो की शेती सुरू करून माणसाने खरंच शहाणपणा केला का? आयुष्यात पहिल्यांदा इतिहासाने मला काही विचारलं होतं. पहाटे चारपर्यंत जागलो. कुठलाही सर्वसाधारण नियम सांगितला की मध्येच "मंगोल सोडून!" म्हणत घोडेस्वार दौडत जातात, त्याला तर मी प्रत्येक वेळी हसलोय.

तिथून ओव्हरसिम्प्लिफाइड, एक्स्ट्रा हिस्टरी या वाहिन्या, मग नकाशांवर बाण पळवणारे लढायांचे व्हिडिओ. दोनशेच्या वर सहज पाहिले असतील. घरात मी आता इतिहासतज्ज्ञ समजला जातो, आणि नेमका तिथेच घोटाळा झाला.

गेल्या आठवड्यात भाचीने विचारलं, "मामा, पहिलं महायुद्ध एका माणसाला मारल्यामुळे कसं काय सुरू झालं?" मी खुर्ची ओढून बसलो आणि रंगवून सांगितलं. बोस्नियातलं सारायेवो शहर, सकाळचा बॉम्ब फसला, कट फिसकटला, मारेकरी प्रिन्सिप हताश होऊन कोपऱ्यावरच्या दुकानात सँडविच खात उभा होता, आणि ड्रायव्हर रस्ता चुकल्याने ऑस्ट्रियाच्या युवराजाची, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची, गाडी नेमकी त्याच्यासमोर येऊन थांबली! पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पण तो सँडविच खात होता हे कुणी बघितलं?"

काय सांगणार? शोधायला बसलो. खटल्यातल्या जबान्यांबद्दल जे काही सापडलं त्यात सँडविचचा पत्ता नाही. ही गोष्ट जेमतेम वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या एका माहितीपटानंतर पसरलेली दिसते. म्हणजे १९१४ च्या घटनेतला माझा सगळ्यात आवडता तपशील माझ्या पहिल्या मोबाइलच्या वयाचा निघाला.

तेव्हापासून मनात किडा आहे. मी शिकलो की नुसती करमणूक झाली? तुम्ही हे व्हिडिओ कसे बघता, तुमच्या हाताला नक्की काय लागलं, हे वाचायला आवडेल.

---

कोरी पाटी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). भाचीला माझा साष्टांग नमस्कार.

मीही हे सँडविच किमान तीन जणांना ऐकवलंय. आता त्यांना फोन करू की गप्प बसू?

---

जुनी वही

गप्प बसा, पण पुढच्या वेळी खरी गोष्ट सांगा. ती जास्त चांगली आहे.

२८ जून १९१४. सकाळी कटातल्याच चाब्रिनोविचने फेकलेला बॉम्ब आर्चड्यूकच्या गाडीवरून घरंगळून मागच्या गाडीजवळ फुटला. अधिकारी जखमी झाले. फ्रान्झ फर्डिनांड तसाच नगरभवनात गेला, स्वागत वगैरे उरकलं, आणि जखमींना बघायला रुग्णालयात जायचं ठरलं. त्यासाठी आधीचा रस्ता रद्द करून सरळ नदीकाठाने जायचं होतं. हे चालकांना सांगायचं राहून गेलं. त्यामुळे पुढच्या गाडीने ठरल्याप्रमाणे लॅटिन पुलाशी उजवं वळण घेतलं, मागून आर्चड्यूकची गाडी वळली, कुणीतरी ओरडलं, गाडी थांबली.

आता प्रिन्सिप तिथे का होता? त्या कोपऱ्यावर खाद्यपदार्थांचं दुकान होतं हे खरं. पण तो तिथे होता कारण परतीचा आधी जाहीर झालेला रस्ता तिथूनच जाणार होता! म्हणजे मारेकरी आपल्या जागी बरोबर उभा होता आणि चालकही जुन्या माहितीप्रमाणे बरोबर वळला. बदललेला बेत फक्त वरच्या दोन-चार माणसांच्या डोक्यात होता. सँडविच आलं की हे सगळं "नशिबाचा खेळ" होऊन बसतं. सँडविच काढलं की एका ढिसाळ बंदोबस्ताची गोष्ट उरते.

आणि प्रिन्सिप १९ वर्षांचा होता. विशीच्या आत म्हणून फाशी नाही, २० वर्षांची शिक्षा. १९१८ च्या एप्रिलमध्ये तुरुंगात क्षयाने गेला, आपण लावलेली आग विझायच्या आधीच.

---

टिंबटिंब

माहितीबद्दल धन्यवाद, पण रात्रपाळी, तुम्ही उगाच स्वतःला बोल लावताय. त्या व्हिडिओशिवाय तुम्हाला सारायेवो कुठे आहे हे तरी ठाऊक होतं का? सँडविच खोटं निघालं, पण सँडविचमुळेच भाची शेवटपर्यंत बसली ना?

मला व्हिडिओंनी दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उच्चार. मी वयाच्या तिशीपर्यंत मनातल्या मनात "व्हर्सेलिसचा तह" वाचत होते. व्हर्साय ऐकलं तेव्हा आधी वाटलं हा दुसराच कुठला तरी तह असणार.

---

आगगाडी

भाचीचा प्रश्न मी गेली काही वर्षं स्वतःला विचारतोय, म्हणून जरा लांबड लावतो.

काळ्या मृत्यूवरचा, म्हणजे चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीवरचा, कुठलाही व्हिडिओ उघडा. सुरुवात ठरलेली. क्रिमियातलं काफा बंदर, आत जिनोआचे व्यापारी, बाहेर जानीबेग खानाचं सैन्य. सैन्यात साथ पसरते. मग मंगोल गोफणयंत्रातून प्रेतं तटाच्या आत फेकतात, व्यापारी जहाजांतून पळतात आणि साथ युरोपात पोचते. चित्र म्हणून जबरदस्त आहे. प्रेत हवेत गरगरत जातं, वर विनोदी आवाज.

हे कुणी बघितलं? तर या प्रसंगाचा आधार म्हणजे गाब्रिएले दे मुस्सी नावाच्या एका इटालियन नोटरीचा मजकूर. तो पिआचेन्झाचा. वेढा पडला तेव्हा तो काफात नव्हता, इटलीतच होता. म्हणजे आपल्याकडे आहे ती ऐकीव हकीकत. ती खोटीच आहे असं मी म्हणत नाही. तसं घडलंही असेल. पण साथ पसरायला प्रेतं फेकायची गरजच नव्हती. काळ्या समुद्रातून धान्याची जहाजं जात होती, जहाजांत उंदीर होते, उंदरांवर पिसवा होत्या. १३४७ च्या ऑक्टोबरात साथ सिसिलीतल्या मेस्सिनाला पोचली ती अशाच व्यापारी वाटेने.

माझी तक्रार वेगळीच आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत प्रेतांना दीड मिनिट मिळतं, आणि पुढे काय झालं याला पंधरा सेकंद. खरी मजा पुढेच आहे. इतकी माणसं मेली की राबायला हात उरले नाहीत. उरलेले मजूर जास्त मजुरी मागायला लागले. इंग्लंडात १३५१ साली कायदा करावा लागला की साथीच्या आधी जो दर होता त्यापेक्षा जास्त मजुरी कुणी मागायची नाही आणि कुणी द्यायची नाही. कायदा करावा लागला याचाच अर्थ लोक मागत होते आणि मिळवत होते! पुढे १३८१ चं शेतकऱ्यांचं बंड होतं, त्याची एक मुळी इथे आहे. आता मजुरीचा कायदा गरगरत हवेतून जाताना कसा दाखवणार? दाखवता येत नाही म्हणून तो गळतो.

जे चित्रात येतं तेच व्हिडिओत येतं, एवढं लक्षात ठेवून मी बघतो.

---

शंखनाद

एवढी चर्चा कशाला? पुस्तकं वाचा. व्हिडिओ बघून इतिहास शिकणं म्हणजे पोहण्याचे व्हिडिओ बघून पोहायला शिकणं.

---

टिंबटिंब

शंखनाद, पुस्तकांनी काय दिवे लावलेत? शिंगवाल्या टोपाचे व्हायकिंग मी आधी छापील पुस्तकात बघितले, व्हिडिओत नंतर. ती शिंगं आली १८७६ सालच्या, जर्मन संगीतकार वागनरच्या ऑपेरातल्या वेशभूषेतून. नॉर्वेत १९४३ साली एक खरा टोप सापडला, त्याला शिंग औषधालाही नाही. आणि हे मला कुणी सांगितलं? व्हिडिओने!

---

जुनी वही

दोघेही अर्धे बरोबर. पुस्तकही चुकतं. पण बऱ्या पुस्तकात वाक्याच्या डोक्यावर बारीक आकडा असतो आणि पानाच्या तळाशी त्याचा जाब. तिथे लेखकाला पकडता येतं. व्हिडिओत वाक्य येतं, हसवतं आणि जातं. पकडायला जागाच नाही.

काही जण निदान मागाहून हिशेब देतात. एक्स्ट्रा हिस्टरीवाले मालिका संपली की शेवटी 'लाइज' नावाचा एक भाग करायचे. आम्ही काय चुकलो, काय गाळलं, कुठे दोन माणसांचा एक केला, हे त्यात सांगायचे. माझ्या मते त्यांच्या मालिकांचा सर्वांत शैक्षणिक भाग तोच. आणि लोक नेमका तोच बघत नाहीत.

---

सावकाश

शंखनादांच्या पोहण्याला माझं उत्तर थोडं आडवळणाने.

पुस्तकापेक्षा एका बाबतीत व्हिडिओ मला सरस वाटला, तो म्हणजे काळाची लांबी. 'द ग्रेट वॉर' नावाची वाहिनी होती. २८ जुलै २०१४ ला, म्हणजे युद्ध सुरू झालं त्याला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, त्यांनी पहिला भाग टाकला. मग दर आठवड्याला एक. त्या आठवड्यात शंभर वर्षांपूर्वी जे घडलं तेवढंच. २०१८ च्या नोव्हेंबरापर्यंत. सूत्रधार इंडी नायडेल टेबलामागे बसून बोलायचा, मागे जुनी छायाचित्रं. फार विनोद नाही, पण माणूस गोष्ट सांगण्यात पटाईत.

मी तो दर आठवड्याला बघत होतो. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईबद्दल पुस्तकात "सोमची लढाई, जुलै ते नोव्हेंबर १९१६" एवढी एक ओळ असते. पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक जायबंदी, बेपत्ता किंवा ठार. त्यांतले १९,२४० मेलेले. मला वाटलं पुढच्या आठवड्यात थांबतील. नाही थांबले. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्याकडे उन्हाळा गेला, पाऊस गेला, माझी नोकरी बदलली, घर बदललं, आणि तिथे अजून सोमच चाललेली. वीस आठवडे. १९१७ उजाडलं तेव्हा मला व्हिडिओ लावायचा कंटाळा यायला लागला होता. आणि मग लक्षात आलं, हा कंटाळा, हे "अजून संपत नाही" वाटणं, हेच त्या काळात घरी बसलेल्या माणसाला वाटलं असणार. ते कुठल्याही पुस्तकाने मला दिलं नव्हतं.

आता सगळे भाग एका दमात बघणाऱ्याला हे मिळणार नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी आठवड्याला एकच बघा.

---

कोरी पाटी

सावकाश, नावाला जागलात.

---

नकाशावेडी

कुणी नकाशांबद्दल बोलेल म्हणून वाट बघत होते, कुणी बोललंच नाही.

व्हिडिओंनी नकाशा हलता केला याबद्दल त्यांचे उपकार. छापील नकाशात साम्राज्य म्हणजे एक गोठलेला डाग, इथे तो फुगतो, आटतो, फुटतो. पण हलता नकाशा दुप्पट विश्वासाने खोटं बोलतो. एक उदाहरण धागाकर्त्याच्या लाडक्या मंगोलांचंच घ्या. सगळे व्हिडिओ १२७९ चा नकाशा दाखवतात, कारण त्या वर्षी मंगोल सम्राट कुबलाईने दक्षिण चीनमधलं सुंग घराणं संपवलं आणि रंग सर्वांत जास्त पसरला. कोरियापासून युरोपच्या उंबऱ्यापर्यंत एकच रंग, खाली आकडा: सर्वांत मोठं सलग साम्राज्य. अहो, पण १२७९ पर्यंत त्याचे चार तुकडे होऊन दशक उलटून गेलं होतं! कुबलाईचा भाऊबंद कायदू त्याच्याशी लढत होता. इराणातले मंगोल आणि व्होल्गाकाठचे मंगोल एकमेकांच्या उरावर बसले होते. एका रंगात रंगवलेलं ते साम्राज्य त्या वर्षी एका माणसाच्या हुकमात नव्हतंच.

दुसरं, सीमारेषा. आजच्यासारखी टोकदार रेघ. रेघेच्या अलीकडे आमचा माणूस, पलीकडे तुमचा. गवताळ प्रदेशात रेघ कुठून आणली? तिथे कर कुणाला पोचतो आणि घोडे कुणाला मिळतात यावर राज्य ठरायचं. त्यामुळे डागाची कड धुरासारखी विरळ हवी.

आणि तिसरं म्हणजे मर्केटर. १५६९ चा तो नकाशा खलाशांच्या सोयीसाठी होता, दिशा अचूक राहावी म्हणून. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. अजूनही निम्मे व्हिडिओ त्यावरच बाण पळवतात आणि मग आफ्रिकेच्या इतिहासाला एक भाग पुरतो असं त्यांना वाटतं. (हे शेवटचं वाक्य रागात लिहिलंय, पण खोडत नाही.)

---

उंबरठा

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर मन्सा मुसा. मालीचा हा राजा १३२४ साली हजला निघाला, वाटेत कैरोत थांबला, सोनं इतकं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. "जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस" अशा शीर्षकाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि प्रत्येकात आजच्या डॉलरमधला एक अवाढव्य आकडा. तो आकडा कुठून येतो? कुठूनही नाही. चौदाव्या शतकातल्या राजाच्या खाणी आजच्या डॉलरमध्ये मोजायची रीतच नाही.

पण भाव पडला, त्याची मात्र नोंद आहे. अल-उमरी नावाच्या लेखकाने सुमारे बारा वर्षांनी कैरोतल्या लोकांकडून ऐकून लिहिलंय. आधी एक मिस्काल (तेव्हाचं एक वजन) सोनं २५ दिरहमच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली जात नसे, मुसा येऊन गेल्यापासून ते २२ च्या वर जात नाही. पंचवीसचे बावीस. म्हणजे शेकडा बारा. व्हिडिओत मात्र "इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली"! बाराने भाव उतरणं हे वाण्याला झोंबेल, पण कोसळणं नव्हे. मला तर त्या फुगवलेल्या डॉलरपेक्षा हे पंचवीसचे बावीस कितीतरी थरारक वाटतात. बाजारातला खरा भाव, सातशे वर्षांपूर्वीचा.

---

खडू-फळा

मी शाळेत शिकवते, इतिहासच. वर्गात व्हिडिओ दाखवते. आधी वाईट अनुभव सांगते. पहिल्या वर्षी नुसते दाखवले. मुलं खूश, मीही खूश. चाचणीत लिहिलं काय, तर विनोद. एकाने नेपोलियनच्या ऱ्हासाचं कारण "बुटका असल्यामुळे" असं लिहिलं. तो बुटका नव्हताही. त्याची उंची फ्रेंच मापात पाच फूट दोन इंच, आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता. आपल्या हिशेबाने साडेपाच फुटांच्या वर. उरलेलं काम इंग्रज व्यंगचित्रकारांनी केलं.

आता दोन गोष्टी करते. एक म्हणजे निकाल लागायच्या आधी व्हिडिओ थांबवते. "तुम्ही राजा असता तर?" मुलं भांडतात, मत देतात, मग पुढचं दाखवते. स्वतः पैज लावलेली असली की निकाल विसरला जात नाही.

दुसरी गोष्ट मुलांना जास्त आवडते. चूक पकडा. हल्ली यंत्राने काढलेल्या चित्रांचे व्हिडिओ फार सुटलेत, एकसुरी आवाज आणि खाली चकचकीत चित्रं. ते तर खजिनाच. रोमन घोडेस्वाराचे पाय रिकिबीत दिसले की हात वर. युरोपात रिकीब आली ती अवार नावाच्या भटक्या टोळ्यांबरोबर, पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य बुडाल्यानंतर. मध्ययुगीन युरोपातल्या शेतात मका दिसला की हात वर. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची हे सगळं अमेरिकेतलं, १४९२ च्या आधी अटलांटिक ओलांडून येणं शक्य नाही. पिरॅमिड बांधताना लोखंडी छिन्नी दिसली की हात वर, तेव्हा तांब्याची होती. पोरं आता इतकी तयार झालीत की चूक सापडली नाही तर हिरमुसतात. पण चूक पकडायला आधी खरं माहीत असावं लागतं, म्हणून गुपचूप पुस्तक उघडतात. शंखनाद, ऐकताय ना?

---

शंखनाद

ऐकतोय. हे आवडलं. पोहण्याचं विधान अर्धं मागे.

---

आगगाडी

पिरॅमिड निघालंय म्हणून राहवत नाही. परग्रहावरच्या लोकांनी पिरॅमिड बांधल्याचे व्हिडिओ लोक लाखांनी बघतात, आणि इकडे त्या कामावरच्या एका मुकादमाची रोजनिशी आपल्याकडे आहे! २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे सापडले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर तालेच्या पथकाला. लिहिलेले पपायरस म्हणून जगातले सर्वांत जुने. मेरेर नावाचा हा मुकादम लिहितो की आज तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, आज नाव हाकारली, आज खुफूच्या पिरॅमिडपाशी पोचलो. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. मग परत खाणीवर. साडेचार हजार वर्षांपूर्वीची हजेरी!

भाचीला सांगा, हे कुणी बघितलं विचारलंस तर मेरेरने बघितलं, आणि त्याच दिवशी लिहून ठेवलं.

---

रात्रपाळी

काय एकेक प्रतिसाद! वाखू (वाचनखूण) साठवली, स्वतःच्याच धाग्याची.

दरम्यान मी स्वतःची परीक्षा घेतली. कोरा कागद घेतला, आडवी रेघ मारली आणि दोनशे व्हिडिओंमधलं जे आठवेल ते रेघेवर मांडायला लागलो. किस्से भराभर आठवले. पण मांडायचे कुठे? जपानचं मेजी पुनरुत्थान आधी की इटलीचं एकीकरण? चीनमधलं तैपिंग बंड नेपोलियनच्या काळातलं की नंतरचं? घामच फुटला. प्रत्येक व्हिडिओ म्हणजे स्वतंत्र बेट. रोमचा रोममध्ये संपतो, चीनचा चीनमध्ये. एकाच वेळी दोन्हीकडे काय चाललं होतं, हे कुणी सांगितलंच नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

(क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा चंद्रावरच्या माणसाला जवळची हा किस्सा कृपया कुणी लिहू नये. तो मी अकरा व्हिडिओंत ऐकलाय.)

---

सनावळी

माझं नाव बघूनच लोक पळतात, पण आज माझा दिवस आहे.

रात्रपाळी, वही आडवी धरा. पानाला पाच-सहा रकाने पाडा: चीन-जपान, भारत, पश्चिम आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका खंड. डावीकडे वर्षं. व्हिडिओ बघून झाला की त्यातल्या तीनच घटना आपापल्या रकान्यात टाका. बास. महिन्याभरात रकाने एकमेकांशी बोलायला लागतात.

तुमचं तैपिंगच घ्या. हुंग श्यूछ्वान वारंवार सरकारी परीक्षेत नापास होतो, आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत असं त्याला वाटू लागतं, आणि त्यातून १८५० ते १८६४ असं बंड पेटतं ज्यात दोन कोटींच्या वर माणसं मेल्याचा अंदाज आहे. हा व्हिडिओ "कसला विक्षिप्त माणूस" म्हणून संपतो. आता आडवं बघा. शेजारच्या रकान्यात १८५७. चीनशी लढायला निघालेली इंग्रज फौज लॉर्ड एल्गिनने वाटेतूनच कलकत्त्याकडे वळवली. अमेरिकेच्या रकान्यात १८६१ ते ६५ चं यादवी युद्ध, त्यात सहा-सात लाख मेले. दक्षिणेतल्या कापसाची जहाजं अडली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि इजिप्त नि भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तीन व्हिडिओंत तीन गोष्टी, वहीत एकच काळ.

अजून एक, माझं आवडतं. एप्रिल १६४४: बंडखोर राजधानीत शिरल्यावर मिंग घराण्याच्या छुंगचन सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. ऑगस्ट १६४८: उस्मानी सुलतान इब्राहिमला पदच्युत करून गळा आवळून मारलं. जानेवारी १६४९: इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं. पाच वर्षांत तीन सिंहासनं! कडाक्याची थंडी, बुडालेली पिकं, वाढलेले कर, न मिळालेले पगार हे तिन्हीकडे थोड्याफार फरकाने सापडतं. त्यातलं किती समान आणि किती योगायोग यावर अभ्यासक अजून भांडतात. पण भांडण ऐकायला आधी तिघांना एका ओळीत बघावं लागतं.

---

टिंबटिंब

सनावळी, आता तुमच्या नावाची भीती गेली. आजच वही आडवी धरते.

१४५३ मी लगेच भरलं: मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि जुलैत इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध संपलं. शंभर वर्षांचं म्हणे! १३३७ पासून मोजलं तर ११६ होतात. नाव ठेवणाऱ्याचं गणित माझ्यासारखंच दिसतं.

---

रात्रपाळी

मंडळी, दोन आठवड्यांचा अहवाल.

मी आता रात्री एकच व्हिडिओ बघतो आणि वहीत तीन नोंदी करतो. भाचीला कळलं तशी तीही येऊन बसायला लागली. तिने माझ्या वहीत न विचारता सातवा रकाना पाडला आणि वर लिहिलं: "कुणी बघितलं?" मेरेरपुढे तिने चांदणी काढलीय. काफाच्या प्रेतांपुढे "नोटरी, पण घरी होता". मन्सा मुसापुढे "२५-२२". सँडविचच्या ओळीत रकाना कोरा आहे, शेजारी एक रडका चेहरा. तो माझा असावा.

मंगोलांच्या विनोदाला ती हसली नाही. म्हणाली, "प्रत्येक नियमाला तेच अपवाद असतील तर नियमच चुकलाय ना?" मी विषय बदलला.

काल आम्ही ट्रॉयचा व्हिडिओ पाहिला. लाकडी घोड्यापुढे तिने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय आणि उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. कुणीतरी या रे.

---

जुनी वही

तिला एवढंच सांगा की ज्या महाकाव्यात ट्रॉयचं युद्ध आहे असं सगळे समजतात, त्या ग्रीक इलियडमध्ये घोडा नाहीच. हेक्टरच्या अंत्यविधीवर ते संपतं. घोडा ओडिसीत ओझरता येतो आणि सविस्तर भेटतो तो रोमन कवी व्हर्जिलकडे, म्हणजे मानलेल्या युद्धकाळानंतर हजारावर वर्षांनी, तेही लॅटिनमध्ये.

पुढच्या प्रश्नाला वेगळा धागा काढा. हा लांबलाय.